गुरुजींची रोजची चूक

आमच्या चौथीच्या गुरुजींच्या कोटाला किती खिसे होते, यावर लालबागात दोन पक्ष होते. एक सात म्हणणारा, दुसरा अकरा म्हणणारा. मी अकरावाल्यांतली. घरचे म्हणतात की मी प्रत्येक गोष्ट चार-चारने वाढवून सांगते. म्हणोत बापडे. त्या खिशांतून मी माझ्या या डोळ्यांनी भोवरा निघताना पाहिलाय, मूठभर चिंचोके निघताना पाहिलेत, एक जिवंत गोगलगाय पाहिलीय आणि एकदा तर हेडमास्तरांचा चष्मा पाहिलाय, जो ते बिचारे दोन दिवस शाळाभर चाचपडत शोधत होते. सात खिशांत हे मावतं का, तुम्हीच सांगा.

पण खिशांतला खरा ऐवज म्हणजे खडूचे तुकडे. गुरुजी रोज फळ्यावर एक चूक करायचे. मुद्दाम. कधी गुणाकारात हातचा सोडायचे, कधी सातारा उचलून कोकणात नेऊन ठेवायचे, कधी गाईला पाच पाय काढायचे आणि तोंड इतकं गंभीर ठेवायचे की पाचव्या पायाचा आपल्यालाच मोह पडावा. जो चूक पकडेल त्याला खडूचा तुकडा. वर्गाने टाळी वाजवायची, गुरुजींनी मान खाली घालून "चुकलो बाबा" म्हणायचं आणि खिशातून खडू काढून त्याच्या तळहातावर ठेवायचा. अशी पद्धत होती. तापाने फणफणलेली पोरंसुद्धा घरून पळून शाळेत यायची, कारण चूक कधी होईल सांगता येत नसे. एके दिवशी ते चूक करायला विसरले. आम्ही तरी तीन शोधून दिल्या. त्यांतल्या दोन खऱ्या निघाल्या.

खडूचा एवढा सोस का, तर तो काळच तसा होता. मुंबई कुणाची, या एका प्रश्नावर सगळं गिरणगाव तापलेलं. मोठी माणसं मोर्चाला जायची, सभेला जायची, गोळीबाराच्या बातम्या आल्या की चाळीत चुली पेटायच्या नाहीत. आम्ही पोरं एवढ्या मोठ्या कामात काय करणार? आम्ही भिंती घेतल्या. जिन्याच्या भिंती, नळाची भिंत, संडासाची दारं. हातात बोटभर खडू आला की 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' एवढं लिहून व्हायचं आणि काना-मात्रेपुरता खडू उरायचा. आमच्या चाळीतला एक म्हातारा साचेवाला, म्हणजे गिरणीत माग चालवणारा, रात्रशाळेत जाऊनही कधी वाचायला शिकला नव्हता. तो जिना चढता-उतरता आमच्या अक्षरांवर शिकला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

गुरुजी राहायचे गिरगावात. तिथून चालत यायचे. ट्राम त्यांना मानवत नसे, कारण ट्राम हवं तिथे थांबत नाही. त्यांना थांबायचं असायचं. वाटेत कल्हईवाला दिसला की त्याच्यासमोर उकिडवे बसत. कल्हई संपली, भांडी गेली, कल्हईवाला उठला, तरी हे बसलेलेच. मग वर्गात उशिरा येऊन आम्हाला नवसागराचा धूर करून दाखवत. कुणी काही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "मला माहीत नाही. बघून ये आणि मला सांग." पहिल्या महिन्यात आम्हाला खात्री पटली होती की या माणसाला काहीच येत नाही, चुकून गुरुजी झालाय. आम्ही मग त्यांना दयेपोटी शिकवायला लागलो.

ते घरीही यायचे. बाकीचे मास्तर घरी आले की पोरगं खाटेखाली जायचं, कारण तक्रार ठरलेली. हे येऊन पालथ्या बादलीवर बसायचे आणि आईला विचारायचे, "हा घरी काय काय करतो?" आमच्या वर्गातल्या राजारामची आई म्हणाली, "काय करताला? नुस्ता खाता आणि तंगडे पसरून झोपता." गुरुजींनी तेवढ्याच गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. पण राजारामच्या बापाने गिरणीतली तुटल्या धाग्याची गाठ पोराला शिकवली होती, तेही त्यांना तिथेच कळलं. दुसऱ्या दिवशी राजाराम गुरुजींच्या खुर्चीवर आणि आम्ही सगळे, गुरुजींसकट, खाली बसून धाग्याला गाठी मारतोय. गुरुजींची गाठ सगळ्यांत वाईट. राजाराम म्हणाला, "बोटं शिकलेली नाहीत तुमची." गुरुजी म्हणाले, "खरंय रे. बोटांची शाळा चुकली माझी."

आमच्याच वर्गातला यशवंत दाराजवळ बसायचा. एकटा. त्याच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि त्याचे वडील आणि तो, दोघं मिळून संध्याकाळी वंदना पाठ करत होते, बाप आणि लेक एकाच इयत्तेत. गुरुजींनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि ती शिकवायला सांगितली. गुरुजी म्हणताना अडखळले. यशवंत म्हणाला, "परत म्हणा." ते परत म्हणाले. "अजून एकदा." अजून एकदा. त्यानंतर यशवंत दाराजवळ बसला नाही. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी येऊन बसला आणि वर्षभर माझी पाटी ढापली.

आता माझं सांगते.

माझे बाबा गिरणीत साच्यावर आणि आई सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. घरी आजी आणि माझा भाऊ बाबल, वय महिने अकरा. आजी भातकापणीला म्हणून गावी गेली ती गावचीच झाली. मग बाबलला कोण बघणार? घरात प्रश्न असा आला की सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. भोंगा झाला की आई-बाबा गिरणीत आणि मी कडेवर बाबल घेऊन गॅलरीत. सहा दिवस मी तिथून शाळेत जाणारी पोरं मोजली. राजाराम खालून ओरडायचा, "आज गाईला सहा पाय होते." मी वरून शिव्या द्यायचे आणि आत जाऊन रडायचे. बाबलही रडायचा. त्याचं कारण वेगळं असायचं.

सातव्या दिवशी रविवार होता. गुरुजी येऊन बादलीवर बसले.

बाबा म्हणाले, "गुरुजी, तुमी बोलूच्या आधीच सांगतंय. चेडवाक तीन यत्ता रगड झाल्यो. आता तिका काय बॅरिस्टर करूचा नाय."

गुरुजी म्हणाले, "मी तिच्यासाठी आलोच नाही. मी याच्यासाठी आलोय." आणि बाबलकडे बोट दाखवलं.

"ह्येच्यासाठी?"

"शाळेत घालायचं याला. आत्ताच. हुशार दिसतोय."

आई चहा गाळता गाळता थांबली. बाबा बाबलकडे बघायला लागले. बाबल त्या वेळी स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालण्याच्या उद्योगात होता.

"अकरा म्हयन्याचो हा तो."

"तेच तर वय शिकायचं. पटावर नाव लावतो. रीतसर नंबर मिळेल." गुरुजींनी तोंड पाचपायी गाईइतकं गंभीर ठेवलं. "फक्त त्याला एकट्याला पाठवू नका. रस्ता ओलांडायचा असतो. ताईला बरोबर पाठवा."

बाबांनी आता गुरुजींकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "नाव सरकारात लागताला म्हणता?"

"लागणार."

"नाव हा तवसर चेडू येताला. नाव गेला की घरात." तेवढं बोलून त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. सौदा ठरला.

तर असा माझा भाऊ वयाच्या अकराव्या महिन्यात चौथीत गेला. वर्गात आम्ही बेचाळीस. तो त्रेचाळीस नंबर. हेडमास्तर महिनाअखेर हजेरीपटावर न वाचता सही करायचे, चष्मा सापडल्यावरही. शाळेने प्रत्येक वर्गाला एकेक वेताची छडी दिली होती. आमची छडी तोवर कोपऱ्यात धूळ खात होती. तिला आता काम मिळालं. दोन खिळ्यांवर ती आडवी टाकली आणि तिच्यावर बाबलची दुपटी वाळायला लागली.

वर्गाची एक वही झाली. 'बाबलची वही.' रोज एका मुलाने बाबलकडे दिवसभर बघायचं आणि नवीन काय दिसलं ते लिहायचं. पहिली नोंद राजारामची: 'आज बाबलने खडू खाला. पांडरा.' दुसरी कुणाची तरी: 'बाबलला डबा पाडायला आवडतो. डबा पडल्यावर तो खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो. उचलून दिला की परत पाडतो. मी एकतीस वेळा उचलला. मी दमलो. तो नाही.' आणि यशवंतची, जी वाचून गुरुजी खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते: 'बाबल आज सतरा वेळा पडला. दोन वेळा रडला. दोन्ही वेळा कोणीतरी त्याच्याकडे बघत होते.'

"हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही," गुरुजी म्हणाले. आम्हाला वाटलं, ते पुस्तकं वाचतच नसावेत.

बाबलला चालायला शिकवायचं म्हणून पोरं त्याचे दोन्ही हात वर धरून त्याला वर्गभर फरफटवायची. गुरुजींनी ते बंद केलं. "कोणी धरायचं नाही. त्याला हवं ते जरा लांब ठेवा आणि गप्प बसा." गप्प बसणं हा आमच्या वर्गातला सर्वांत कठीण विषय. आम्ही बसायचो. बाबल बाकाला धरून उभा राहायचा, पडायचा, पुन्हा उभा राहायचा. गुरुजी हळू आवाजात म्हणायचे, "बघा. याला कोणी छडी दाखवली? पडला म्हणून कोणी नापास केलं? तरी सकाळपासून तोच धडा घेऊन बसलाय." मी भागाकाराला घाबरायचे. बाबलच्या चाळिसाव्या पडण्यानंतर मला भागाकाराची थोडी लाज वाटायला लागली, आणि मग तो यायलाच लागला.

हजेरीला गुरुजी नंबर पुकारायचे. त्रेचाळीस म्हटलं की मी "हजर" म्हणायचे आणि बाबलचा हात धरून त्याच्या पत्र्याच्या डब्यावर आपटायचे. महिन्याभरात माझी गरज संपली. त्रेचाळीस ऐकलं की तो स्वतःच डबा वाजवायचा. घरी बाबांना मी हे सांगितलं तर ते गिरणीत जाऊन सांगून आले, की माझो झील हजेरी देता.

आणि मग इन्स्पेक्टरसाहेब आले.

आले होते ते खडूंसाठी. कुणीतरी वर कळवलं होतं की लालबागच्या भिंती शाळेच्या खडूने रंगतायत. साहेब कडक इस्त्रीचे, हातात तांबड्या शाईचं पेन. निरोप फक्त पाच मिनिटं आधी आला. आम्ही दुपटी ओढून दप्तरात कोंबली आणि बाबलला डब्यासकट, महाराष्ट्र-गुजरात एकत्र बांधलेल्या द्वैभाषिक राज्याच्या मोठ्या नकाशामागे बसवलं. तो नकाशा शाळेत आल्यापासून त्याचा झालेला हा पहिला उपयोग. नाव गेलं की मी घरात. बेचाळीस पोरांना हे माहीत होतं. वर्ग इतका शांत होता की साहेबांना संशय यायला तेवढंच पुरे होतं.

"हजेरी घ्या," साहेब म्हणाले.

गुरुजींनी सुरुवात केली. एक, हजर. दोन, हजर. राजारामने तर आपला नंबर आल्यावर सलाम ठोकला. एकेचाळीस. बेचाळीस. गुरुजींनी हजेरीपट मिटला.

पण बाबल आता वर्गातला जुना विद्यार्थी होता. बेचाळीसनंतर आपली पाळी येते, एवढं त्याला ठाऊक होतं; पुकारायची गरज उरली नव्हती. नकाशामागून डबा वाजला.

एकदा. उत्तर आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा, जोरात. मग नकाशाच्या कडेला एक चिमुकली मूठ दिसली, तिच्यावर सगळा भार पडला आणि नकाशा टर्रकन फाटत खाली आला. तो नेमका कुठून फाटला ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही वाढवून सांगते.

साहेबांनी हजेरीपट ओढून घेतला. त्रेचाळीस नंबरवर बोट थांबलं. जन्मतारखेवर तांबडं पेन थांबलं. "मास्तर, हे मूल एक वर्षाचं आहे?"

गुरुजींनी खिशात हात घातला. खडूचा तुकडा काढला. साहेबांच्या तळहातावर ठेवला आणि मान खाली घालून म्हणाले, "चुकलो साहेब. आजची चूक तुम्ही पकडलीत."

आम्ही सवयीने टाळ्या वाजवल्या. मग आम्हाला आमच्याच टाळ्यांची भीती वाटली आणि त्या एकेक करून थांबल्या.

साहेब हात तसाच पुढे धरून उभे. त्यांना काय करावं कळेना. बाबलला कळलं. त्याला खडू दिसला. तो फाटक्या नकाशावरून उठला. तोवर त्याची मजल दोन पावलांची होती, वहीत तशी नोंद होती. माझे हात आपोआप पुढे झाले. गुरुजी कुजबुजले, "धरू नकोस."

एक. दोन. वर्ग ओठांत मोजत होता. तीनला तो कलला आणि सावरला. चार. पाच. सहाला थांबून त्याने सगळ्यांकडे पाहून घेतलं. सात, आणि त्याने साहेबांच्या इस्त्रीच्या पँटला मिठी मारली. साहेब नकळत वाकले. बाबलने खडू उचलला आणि खाल्ला.

"वही द्या त्यांना," गुरुजी म्हणाले.

साहेबांनी उभ्याउभ्या वही वाचली. पहिलं पान, दुसरं, सगळी. बाबल पँट सोडायला तयार नव्हता. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "याला तू आणतेस? का?"

भाषण मला येत होतं, पण त्या दिवशी एकच वाक्य निघालं. "तो नाही आला तर मी कशी येणार?"

त्यांनी हजेरीपट उघडला आणि त्रेचाळीस नंबरवर तांबडी रेघ मारली. "पटावर हे मूल पुन्हा दिसता कामा नये," ते म्हणाले. एकदा बाबलकडे पाहिलं. "पटावर म्हणतोय मी." मग त्याच तांबड्या शाईने बाबलच्या वहीत त्या दिवसाची नोंद केली: 'सात पावले. समक्ष पाहिली.' खाली सही.

त्या दिवशी चाळीस-एक पोरांनी आपापल्या देवाची नाहीतर आईची शपथ घेतली की माझ्या बाबांना हे कळू द्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी बेचाळीसवर पट मिटायचे, त्रेचाळीस तोंडी म्हणायचे, डबा वाजायचा. मी चौथी पास झाले. गुरुजींची बदली माझगावला झाली. फाटक्या नकाशाचं कारण लावून, असं म्हणतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी नवा नकाशा लागणारच होता, पण सरकारला तेवढा धीर नव्हता.

मी मॅट्रिक झाले त्या दिवशी बाबांच्या पाया पडताना मला राहवलं नाही. सांगून टाकलं की बाबलचं नाव तेव्हाच पटावरून गेलं होतं, आम्ही फसवलं तुम्हाला.

बाबा पेढा खात होते. म्हणाले, "माका काय येडो समाजलंस? अकरा म्हयन्याच्या पोराचा नाव खंय शाळेत लागता?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"मास्तर बादलीर बसललो तेवाच."

"मग बोलला का नाही?"

"येवढो शिकलेलो माणूस माझ्या चेडवासाठी माझ्यासमोर खोटा बोललो," बाबा म्हणाले. "त्येका उघडो कसो पाडू?" आणि दुसरा पेढा घेतला.

पुढे मीही शाळेत शिकवायला लागले. माझ्या पहिलीतल्या पोरांना मी रोज एक चूक देते. एखाद्या दिवशी मुद्दाम करावी लागत नाही. गुरुजींना भेटायला मी गेले तेव्हा ते फार थकले होते. गिरगावात एक खोली, खुंटीवर तोच कोट. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "त्रेचाळीस कसा आहे?" हा पहिला प्रश्न. मी सांगितलं, त्याला मिशा आल्यात आणि तो अजूनही वस्तू पाडतो. ते खूप हसले. मग मी बाबांची गोष्ट सांगितली, पेढ्यासकट, थोडी रंगवून.

गुरुजींचं हसू थांबलं. "बादलीवर बसलो होतो तेव्हाच?"

"तेव्हाच."

ते उठले. भिंतीला धरून खुंटीपर्यंत गेले. मी उठायला लागले तर त्यांनी नुसता हात वर केला, धरू नकोस. खिशामागून खिसा चाचपला. सात खिशांत काही सापडलं नाही. मी मोजत होते. आठव्यातून खडूचा तुकडा निघाला, पिवळा पडलेला.

"हा तुझ्या वडलांचा."

"गुरुजी, बाबांना जाऊन चार वर्षं झाली."

"म्हणून काय झालं? चूक त्यांनी पकडली होती. त्यांचा खडू माझ्याकडे राहिला." आणि मान खाली घालून त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

बाबांनी आयुष्यात खडू हातात धरला नव्हता. त्यांचा गिरणीचा पास आणि चुन्याची डबी ज्या पत्र्याच्या पेटीत आहे, तिच्यात तो मी ठेवलाय. माझी घरची पोरं विचारतात, त्याने एकदा लिहून बघू का? मी नाही म्हणते. या सगळ्या हकिगतीत मी कुठे कुठे काय काय लांबवलं असेल, ते माझं मला माहीत. खडू मात्र दिला तेवढाच आहे.